चाळीस वर्षांनी येणारा खोकला

मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे सुरू होते. जकात होती तोवर या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत. आता नाका उरला आहे तो बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी. अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे ही हद्द महापालिकांच्या कागदावरची. कामगाराला ती कधी अडली नाही. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे हा जुन्या आग्रा रोडलगतचा सलग कारखान्यांचा पट्टा होता आणि पहिल्या पाळीला कळवा, डोंबिवली, कल्याणहून भरलेल्या लोकल येत. या पट्ट्यात मुलुंड पश्चिमेला 'एव्हरेस्ट'चा कारखाना होता. छपरांचे पन्हळी पत्रे तिथे बनत. ठाणे जिल्ह्यातल्या किती चाळी, किती गोठे, किती शेड त्या पत्र्यांखाली उभ्या राहिल्या याची मोजदाद कुणी केलेली नाही. लोकांनी कंपनीचे नावच पत्र्याला देऊन टाकले, 'एव्हरेस्टचे पत्रे टाकलेत' असे अजूनही सहज म्हटले जाते.

हा कारखाना कुणी काढला ते आधी पाहू, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. टर्नर अँड न्यूऑल ही इंग्लंडातली ॲस्बेस्टॉसच्या धंद्यातली बडी कंपनी. तिने १९३४ साली भारतात ॲस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. पहिला कारखाना आताच्या मध्य प्रदेशातल्या कैमोरला आणि त्यापाठोपाठ मुलुंडला. मुलुंडला बंदर जवळ, रेल्वे दारात आणि गिऱ्हाईक चहूबाजूंनी. माल तर नावाजण्यासारखाच होता. ॲस्बेस्टॉस हा दगड खरा, पण त्याचे रेशमासारखे धागे निघतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत. सिमेंटमध्ये शेकडा आठ-दहा भाग हे धागे घातले की पातळ पत्राही मजबूत होतो. कोकणातल्या पावसाळ्यात लोखंडी पत्रा चार-सहा वर्षांत गंजून चाळणी होतो. हा वर्षानुवर्षे टिकतो, आणि स्वस्तही पडतो.

धोका कळण्याआधी कारखाना आला, असे म्हणायची मात्र सोय नाही.

टर्नर कुटुंबाची मूळ गिरणी इंग्लंडात रॉचडेलला होती. तिथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केर्शॉ ही कामगार १९२४च्या मार्चमध्ये वयाच्या ३३व्या वर्षी वारली. भरपाई तर दूरच, अंत्यविधीचा खर्च द्यायलाही कंपनीने नकार दिला. एकदा दिला तर पायंडा पडेल, ही भीती. विल्यम कुक या डॉक्टराने तिची फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिले आणि १९२७ साली या रोगाला ॲस्बेस्टॉसिस हे नाव रूढ केले. मग ब्रिटिश सरकारने चौकशी लावली. कारखाना निरीक्षक मेरेवेदर आणि प्राइस यांनी १९३० साली अहवाल दिला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांच्या, म्हणजे शेकडा २६ जणांच्या फुप्फुसांत तंतुमय व्रण होते. १९३१ साली इंग्लंडात धूळ आवरण्याचे नियम आले. ते मुख्यतः कातण्या-विणण्याच्या खात्यांपुरते होते, पण आले.

अहवाल १९३०चा, नियम १९३१चे, भारतातली कंपनी १९३४ची. मुलुंडला यंत्रे उतरली तेव्हा ही धूळ माणूस मारते हे मूळ कंपनीच्या दप्तरात लिहिलेले होते. हे दप्तर नंतर एका अमेरिकन खटल्यामुळे बाहेर आले आणि जेफ्री ट्वीडेल या इतिहासकाराने त्यावर २००० साली ग्रंथ लिहिला. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्याच जुन्या कामगारांचा अभ्यास करून दाखवले की वीस-वीस वर्षे धुळीत काढलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग इतरांच्या सुमारे दहापट होतो. तो निबंध छापून येऊ नये म्हणून कंपनीने हातपाय मारले होते. जिने आपल्याच कामगारांची ही गत केली, ती मुलुंडच्या कामगाराला समोर बसवून सगळे समजावून सांगेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होते.

आता कारखान्याच्या आत येऊ. पत्रा बनवायची रीत लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन कारखानदाराची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. धागे, सिमेंट आणि पाणी यांचा लगदा करायचा, फिरत्या चाळणीवर त्याचे पातळ थर घ्यायचे, ते एकावर एक गुंडाळत न्यायचे आणि मग कापून पन्हळी द्यायची. हे सगळे ओले काम, त्यामुळे यंत्राजवळ धूळ बेताची. धूळ उडते ती दोन्ही टोकांना. एका टोकाला पोती फोडणे: पूर्वी ॲस्बेस्टॉस तागाच्या पोत्यांतून येई, आणि पोते हाताने फाडून हौद्यात उपडे केले की पांढरा धुरळा उठे. रिकामी पोती झटकून घडी घालून ठेवायची, म्हणजे पुन्हा तेच. दुसऱ्या टोकाला वाळलेला पत्रा कापणे, कडा घासणे, फुटका माल दळून परत वापरणे, आणि पाळी संपताना केरसुणीने जमीन झाडणे. सगळ्यात वाईट खाते झाडूवाल्याचे. तो बहुधा कंत्राटी असायचा आणि त्याचे नाव कायम कामगारांच्या यादीत नसायचे.

घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर हिंदुस्थान फेरोडो ही टर्नर अँड न्यूऑलच्याच गोतावळ्यातली कंपनी होती. पुढे तिचे नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झाले. तिथे ब्रेकचे लायनर आणि ॲस्बेस्टॉसचे कापड होई. कापड म्हणजे पिंजणे, कातणे, विणणे, आणि तेही कोरडे. रॉचडेलमध्ये नेली केर्शॉ जे करत होती, तेच.

हे धागे इतके बारीक तुटतात की डोळ्याला दिसत नाहीत. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन ते रुततात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही, म्हणून त्यांच्याभोवती व्रण करते. वर्षानुवर्षे व्रण वाढत गेले की फुप्फुस ताठरते आणि माणसाला दम लागतो. आधी जिना चढताना, मग बाजारातून पिशवी आणताना, शेवटी शर्टाची बटणे लावताना. कोरडा खोकला असतो, बोटांची टोके फुगतात, डॉक्टरने पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की श्वास घेताना बारीक चरचर ऐकू येते. हा ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग वेगळा, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात त्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. तिसरा मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. या आजाराचे कारण बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसच असते, हे दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली दाखवले. धूळ छातीत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत दहा ते चाळीस वर्षे जातात, कधी त्याहूनही जास्त. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन या दोघींनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला, तर त्यात कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या बायका निघाल्या. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणे एवढाच त्यांचा संबंध होता. कपडे घरी धुवायची पद्धत ठाण्या-डोंबिवलीच्या चाळींत वेगळी नव्हती.

धूळ ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांपुरती राहिली नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १ ऑगस्ट १९६२ला स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट हा त्याचा पहिला वसाहत-प्रयोग, डोंबिवलीची एमआयडीसी १९६४च्या सुमाराची. शेडवर शेड उभ्या राहिल्या आणि छपराला सिमेंटचा पत्रा हा ठरलेला माल झाला. ज्याने पत्रे चढवले त्याने करवतीने ते कापले, ड्रिलने भोके पाडली, हुकबोल्टला डांबरी वायसर लावून आवळले. तोंडाला फार तर रुमाल. बाष्पकांचे काम आणखी वेगळे. ठाकुर्लीचे रेल्वेचे चोळा वीजकेंद्र, शहाडचे सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याचे एनआरसी अशी वाफेवर चालणारी मोठी ठिकाणे या भागात होती. त्या काळात जगभर वाफेच्या नळ्यांना ॲस्बेस्टॉसचे लेप आणि दोऱ्या गुंडाळत. लॅगिंगचे हे काम करणारी टोळी ठेकेदाराची असे, आज या कंपनीत, उद्या त्या. आणि शीळ फाट्यापासून भिवंडी बायपासपर्यंतच्या गॅरेजांत ट्रकचा ड्रम उघडला की आधी हवा मारून भुकटी उडवायची, हा शिरस्ता. ती भुकटी झिजलेल्या लायनरची. तिथे काम शिकणारा पोरगा बारा-चौदा वर्षांचा असे. यांतल्या कुणालाच आपण ॲस्बेस्टॉसचे कामगार आहोत, असे वाटायचे कारण नव्हते.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर कायद्याने डोळे उघडले. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. याचिकेचा निकाल २७ जानेवारी १९९५ला लागला. तो वाचण्यासारखा आहे. आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि नोकरीत असताना व निवृत्तीनंतरही वैद्यकीय मदत मिळणे हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक ॲस्बेस्टॉस कारखान्याने कामगाराच्या आरोग्याची नोंद तो कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा त्याने काम सोडल्यानंतर १५ वर्षे, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवायची. विमा सक्तीचा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने ज्यांना रोग असल्याचे सांगितले त्यांना एक लाख रुपये.

एक लाख तेव्हाही फार नव्हते. पण मोलाची गोष्ट नोंदीची होती. रोग चाळीस वर्षांनी येतो हे ओळखून न्यायालयाने नोंदही चाळीस वर्षे ठेवायला सांगितली.

निदान मात्र न्यायालय करू शकत नाही. कारखाने कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे असा रोगी तपासणाऱ्या डॉक्टराने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचे असे. न कळवल्यास दंड होता, कमाल एक हजार रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार! त्यातून आपल्याकडे क्षयरोग घरोघरी. खोकला, वजन घटलेले, एक्स-रेवर डाग, म्हणजे क्षयाच्या गोळ्या सुरू. तुम्ही काय काम करत होता, हा प्रश्न रांगेतल्या दोनशेव्या रोग्याला विचारायला वेळ नसतो. विचारला तरी पोती फोडत होतो या उत्तराचा अर्थ लावायला शिकवलेले नसते.

मुंबईत हा प्रश्न विचारण्याची सवय ज्यांनी लावून घेतली त्यांत ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर ही छोटी संस्था येते. शीव रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. व्ही. मुरलीधर आणि कार्यकर्ते विजय कान्हेरे यांनी आधी गिरणी कामगारांमधला कापसाच्या धुळीचा आजार, बिसिनोसिस, पुढे आणला होता. नंतर त्यांनी घाटकोपरच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची तपासणी केली. कामावर २३२ जण होते. त्यांपैकी १८१ जण तपासणीला आले. ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला, शेकडा २३. हा निबंध २००५ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. मेरेवेदर आणि प्राइस यांना १९३० साली शेकडा २६ सापडले होते. पंचाहत्तर वर्षांत, दोन खंडांत आणि इतके कायदे होऊन आकडा हलला तो तीन टक्क्यांनी. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या हे मान्य करूनही ही आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली की दुसरे काही बोलायला नको.

रोग ठरला की दावा कुठे करायचा? ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतला कामगार असेल तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते टक्क्यांत ठरवते आणि त्या प्रमाणात कायम अपंगत्वाचे मासिक पैसे मिळतात. ईएसआय नसेल तर पूर्वी १९२३चा कामगार भरपाई कायदा लागू होई, त्याचे काम ठाण्याच्या कामगार न्यायालयात चाले. ॲस्बेस्टॉसिस, तसेच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा दोन्ही कायद्यांच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. रोगांची यादी तिथेही आहे. म्हणजे हक्क कागदोपत्री शाबूत. अडते ते पुराव्यापाशी. मी त्या कंपनीत त्या खात्यात इतकी वर्षे होतो, हे दाखवायचे कसे, कंपनीच उरली नसेल तर?

आणि या पट्ट्यात कंपन्या खरोखरच उरल्या नाहीत. मुलुंडच्या कारखान्याची मालकी बदलत गेली, मधल्या काळात नाव इटर्निट एव्हरेस्ट झाले, पुढे एव्हरेस्ट इंडस्ट्रीज. मुलुंडचे उत्पादन थांबले, कंपनीचा महाराष्ट्रातला पत्र्याचा कारखाना आता नाशिक जिल्ह्यात लखमापूरला आहे. घाटकोपरच्या कंपनीचे काम पैठण आणि भंडाऱ्याकडे गेले. जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा धूळ गिळलेली माणसे मागे राहिली.

इंग्लंडात जाऊन मूळ कंपनीवरच दावा लावता आला असता का? ही कल्पना हवेतली नव्हती. केप या दुसऱ्या ब्रिटिश ॲस्बेस्टॉस कंपनीवर दक्षिण आफ्रिकेतल्या तीन हजारांहून अधिक लोकांनी लंडनमध्ये दावे केले. हाउस ऑफ लॉर्ड्सने जुलै २००० मध्ये ते तिथे चालवायला परवानगी दिली आणि २००३ साली तडजोड होऊन पैसे मिळाले. टर्नर अँड न्यूऑलला मात्र अमेरिकेच्या फेडरल-मोगलने विकत घेतले होते आणि ऑक्टोबर २००१ मध्ये दोघींनी दिवाळखोरीचा आसरा घेतला. घाटकोपरच्या ४१ जणांचे निदान छापून आले तेव्हा दार अशा रीतीने लागून गेलेले होते.

बंदीची गोष्ट थोडक्यात सांगून मोकळे व्हावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत; पत्र्यात वापरला जाणारा पांढरा क्रायसोटाइलही त्यात येतो. संघटनेच्या अंदाजाने कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात. ब्रिटनने १९९९ साली, युरोपीय संघाने २००५ साली वापर बंद केला. वर्षानुवर्षे आपल्याला माल विकणाऱ्या कॅनडानेही २०१८ साली स्वतःच्या देशात बंदी घातली. भारतात नव्या खाणपट्ट्यांना १९८६पासून परवानगी नाही, आयात मात्र चालू आहे, मुख्यतः रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून. २०११च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बंदीची एक याचिका फेटाळली, याचिकाकर्त्याच्या हेतूवरच बोट ठेवले, पण १९९५चे आदेश पुन्हा उगाळून सांगितले. त्याच वर्षी धोकादायक रसायनांच्या व्यापाराविषयीच्या रॉटरडॅम कराराच्या बैठकीत भारताने क्रायसोटाइलला धोकादायक यादीत घालायला संमती दिली आणि २०१३च्या बैठकीत ती मागे घेतली.

छपरावर शाबूत असलेला पत्रा तसा निरुपद्रवी. धोका तो फुटला, कापला, घासला की सुरू होतो. वागळे इस्टेटच्या जुन्या शेड पाडून तिथे काचेच्या इमारती होताना, डोंबिवलीत गच्चीवरची गळकी शेड बदलताना पत्रे हातोड्याने फोडूनच खाली येतात, कारण अख्खे उतरवायला जास्त माणसे लागतात. धोकादायक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत ॲस्बेस्टॉसचा कचरा येतो आणि या भागातल्या कारखान्यांच्या अशा कचऱ्यासाठी तळोज्याला विल्हेवाट केंद्र आहे. चाळीतल्या पत्र्याचे तुकडे तिथवर पोचत नाहीत. राडारोड्याच्या टेम्पोतून ते खाडीकाठी जातात. पत्रे ओले करून, न फोडता, नट सोडवून उतरवले तर धूळ जवळजवळ उडत नाही. मजुरीचा एखादा दिवस वाढतो.

पुन्हा नोंदीकडे वळू, कारण हिशेब तिथे अडतो. समजा एखादा कामगार १९७५ साली विसाव्या वर्षी कामाला लागला आणि १९९८ साली कारखान्यातून बाहेर पडला. लागल्यापासून ४० वर्षे म्हणजे २०१५, सोडल्यापासून १५ वर्षे म्हणजे २०१३. उशिराची तारीख २०१५, तेव्हा तो साठ वर्षांचा. त्यानंतर नोंद जपण्याची सक्ती संपते. मेसोथेलिओमा सत्तरीतही येतो.

अशा माणसाला आज दाखवता येते ते त्याच्या स्वतःच्या घरातले: ईएसआयचा जुना विमा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, पगाराची पावती, युनियनच्या वर्गणीचे पुस्तक, खात्याचे नाव असलेले बदलीपत्र. ईएसआयची रुग्णालये वागळे इस्टेट, मुलुंड आणि उल्हासनगरला आहेत. तिथे छातीचा एक्स-रे काढताना कामाचा पूर्वेतिहास केसपेपरवर लिहून घ्या असे रोग्यानेच सांगावे लागते, आणि मागच्या एक्स-रेच्या फिल्म फेकून न देता सोबत न्याव्या लागतात, कारण व्रण वाढत गेला हे त्यांवरूनच दिसते. पुराव्याचा कागद नसेल तर सोबत काम केलेल्यांचे प्रतिज्ञापत्र चालते. एकाच खात्यातल्या चौघापाच जणांनी एकत्र अर्ज केले तर एकाची साक्ष दुसऱ्याच्या उपयोगी पडते. घाटकोपरच्या ४१ जणांचा रोगही एकेकट्याच्या खेटे घालण्यातून कळला नव्हता, सगळ्यांची एकदम तपासणी झाली तेव्हा कळला.